जोडीचं नाणं

नाणी पाडणाऱ्या खात्याचा अधिकारी घरी आला, तेव्हा म्हातारा विनोदी नट खुर्चीत मान खाली घालून बसला होता. उभी हयात ज्याच्यासोबत त्याने लोकांना पोट धरून हसवलं, तो जोडीदार नुकताच गेला होता. त्याच्या सन्मानाचं नाणं निघणार होतं. अधिकाऱ्याने चित्र पुढे केलं. चित्रात जोडीदार एकटाच होता, शेजारी कुणी असल्यासारखा कडेला बघत.

"आणि मी?"

"काका, नियम आहे. हयात माणसाचा चेहरा नाण्यावर घेत नाहीत."

"मग त्याला एकट्याला नका हो पाठवू. पडदा उघडला की त्याचे पाय लटपटायचे. माझा हात धरूनच यायचा रंगमंचावर."

"पण मग सगळंच लांबणीवर पडेल."

"पडू दे."

"किती थांबायचं, काका?" अधिकाऱ्याने अवघडून विचारलं.

आत बायको चहाचे कप मांडत होती. तिकडे एक नजर टाकून म्हाताऱ्याने आवाज खाली आणला.

"फार नाही. हा हिवाळा निघणं कठीण आहे म्हणालेत डॉक्टर. हिला अजून सांगितलेलं नाही."