कॅसेटची दुसरी बाजू

उंब्रजच्या जोतीरामची थाप कृष्णेतल्या मगरीलाही पटायची, असं गाव म्हणे. शांतिसेनेतून सोमालियाला गेलेल्या पोरानं कॅसेट पाठवली: एका बाजूला स्वतःचं बोलणं, दुसऱ्या बाजूला परमुलखातलं समूहगान. त्या बोलण्यावरच आपलं उत्तर भरून कॅसेट परत धाडायची, ही घरची रीत. जोतीरामनं बिबट्याशी कुस्ती खेळल्याची थाप भरली, आणि धाडण्याआधीच पोरगं गेल्याची तार आली. पोराचा आवाज बापाच्याच हातानं पुसला गेला. उरलं फक्त गाणं. शेकडो गळे घुमटात घुमल्यागत, खाली आफ्रिकेचे ढोल, मधूनच समुद्राची गाज. बायकोनं टेपला कान लावला. "आवं, ह्यात आपलं पोरगं हाय?" "व्हय तर! त्यो जाड आवाज त्याचाच." ती ऐकत राहिली. "पोरगं कवा सुरात गायलं? परत लावा, बेसूर कुठला सांगा." जोतीरामनं पुन्हा लावली. एवढ्या गळ्यांत बेसूर एकही निघेना.