वाघाटीचा रंग

अहल्येने ओले बोट चित्रावर टेकवले. एक ठिपका. मग दुसरा, तिसरा. बिंदुमाधवरावांनी तिचा हात धरला, तोवर वाघाटीच्या राखी पाठीवर सात तांबडे ठिपके उमटले होते.

चित्रात फक्त मिशा काढायच्या राहिल्या होत्या. बारा वाजता छापखान्याचा माणूस ते न्यायला येणार होता. त्यावरून दीड हजार तक्ते छापले जाऊन म्हैसूर राज्यातल्या शाळांच्या भिंतींवर लागणार होते. वाघाटी, म्हणजे रानातले सर्वांत लहान मांजर, कसे दिसते, हे दीड हजार वर्गांना या एका कागदावरून कळायचे होते. नातीला ते सर्वांआधी कळावे, म्हणून सकाळपासून त्यांनी पाच वर्षांच्या अहल्येला शेजारी बसवून घेतले होते.

"हे काय केलंस?"

"रंग चुकला होता, अज्जा."

बसवनगुडीच्या त्या घरात हे वाक्य आजवर कोणी उच्चारले नव्हते. बिंदुमाधवराव अठ्ठावीस वर्षे वन्य प्राण्यांची चित्रे काढत होते. अचूकपणा हा गुण नव्हे, ते किमान कर्तव्य होय, असा त्यांचा सिद्धान्त होता. त्यावर त्यांच्याशी वाद घालून जिंकलेला मनुष्य अद्याप भेटायचा होता. समोर मेजावर संग्रहालयातून मागून आणलेले वाघाटीचे कातडे होते. पोटात कापूस, डोळ्यांच्या जागीही कापूस, मागच्या पायाला बांधलेली चिठ्ठी: मागडीचे रान, १९३१. सव्वीस वर्षांपूर्वीचे ते कातडे त्यांनी नाकापासून शेपटीपर्यंत मोजले होते. ठिपक्यांच्या ओळी मोजल्या होत्या. कागदाचा तुकडा केसांशेजारी धरून रंग सहा वेळा जुळवला होता.

त्यांनी कातडे उचलून अहल्येपुढे धरले. डांबरगोळ्यांचा वास खोलीभर झाला.

"ठिपके कोणत्या रंगाचे आहेत?"

"धुळीच्या."

"आणि तू कोणता लावलास?"

"कावेचा." शुक्रवार होता. तिच्या आईने उंबरठा सारवल्यावर उरलेली काव वाटीत तशीच होती. "पण खरी असते ना, ती लालच असते. आत्ता सारवल्यासारखी."

"खरी म्हणजे कोणती?"

अहल्येने बोट परकराला पुसले. तिची आई अनुसूया दाराशी आली. चित्र पाहताच तिने तोंडावर हात ठेवला.

"मामंजी, लहान आहे ती. स्वल्प सबुरीनं घ्या."

"लहान आहे म्हणूनच विचारतो. चूक पुसता येते, अनुसूये. खोटे पुसता येत नाही." ते नातीकडे वळले. "मी मनानेच रंग लावला, एवढे म्हण. मग खेळायला जा."

खोटी कबुली दिली तर सुटका होती. खरे सांगितले तर मार होता. अहल्येने छताकडे पाहिले.

"नाही म्हणणार. ती वर आहे. दसऱ्याच्या बाहुल्यांच्या पेटीत."

"तू माळ्यावर गेली होतीस?" अनुसूया ओरडली.

"तीनदा."

ती पेटी वर्षातून एकदा, नवरात्रात बाहुल्या मांडायच्या वेळी उघडत असे. एरवी बाहुल्या पेंढ्यात निजलेल्या असत, आणि मुलांना माळा वर्ज्य होता. बिंदुमाधवरावांनी चष्मा पुसला. प्रत्यक्षापुढे अनुमान टिकत नाही, हे नातीला आजच शिकवावे, असे त्यांनी ठरवले. शिडी लावली. सावकाश एकेक पायरी चढून त्यांनी माळ्यावर डोके काढले.

काचेच्या कौलातून उन्हाचा एक चौकोन आत आला होता. पेटीचे झाकण सरकले होते. पेंढ्यातून मातीच्या राजाराणीचे मुकुट वर आले होते, आणि त्या दोघांच्या मधोमध ती पहुडली होती.

घरच्या मांजरीच्या निम्मीसुद्धा नव्हती. पोटाशी दोन पिल्ले, मिटल्या डोळ्यांची, अंगठ्याएवढ्या डोक्यांची. बिंदुमाधवराव सवयीने ठिपके मोजू लागले. चार, पाच, सहा. तिने श्वास घेतला, आणि सगळ्या ओळी हलल्या. त्यांनी पुन्हा आरंभ केला. पुन्हा श्वास आला. ते ठिपके एका जागी राहतच नव्हते; तांबडे, ओलसर, निखाऱ्यावर फुंकर घालावी तसे क्षणात उजळत आणि क्षणात मंद होत. खाली त्यांनी सहा वेळा जो जुळवला होता, तो रंग नव्हता. रंगाची राख होती.

तिने डोळे उघडले. पिवळ्या डोळ्यांत दोन उभ्या काळ्या रेघा. ती पळाली नाही. तिने त्यांना केवळ पाहिले, आणि हात शिडीला असतानाही आपण नमस्कार केला असावा, असे बिंदुमाधवरावांना वाटले.

"रायरे!" अंगणातून छापखान्याच्या कल्लाप्पाची अदबीची हाक आली. "चित्र तयार ना? तुमच्याकडे उशीर म्हणून ठाऊक नाही आम्हाला!"

वाघाटीचे कान मागे वळले. एक पिल्लू चुळबुळले. बिंदुमाधवरावांनी खाली पाहून ओठांवर बोट ठेवले आणि तसाच, ओठ जेमतेम हलवत, शिडीच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या अहल्येला निरोप दिला. आईच्या पदराखालून निसटून ती चवड्यांवर चालत अंगणात गेली. कल्लाप्पा खाली वाकला.

"उद्या या," ती त्याच्या कानात म्हणाली. "अज्जाने मांजर आत्ताच बघितलंय."