हंड्यातले ठोके

धातूवर पडलेला प्रत्येक घाव ओळखणारं यंत्र संग्रहालयातल्या जुन्या हंड्यावर लावलं आणि ऐंशी वर्षांपूर्वीची ठोकणी जशीच्या तशी ऐकू येऊ लागली. पाटीवर विठोबा कर्डे यांचं नाव होतं. त्यांची नात सुभद्राबाई, स्वतः तांबट, डोळे मिटून ऐकत होत्या.

"हा हात आजोबांचा नाही," त्या म्हणाल्या. "सहा ठोके झाले की थांबून भांडं फिरवायची सवय माझ्या आईची."

"बायका हातोडी धरायच्या?" संशोधक अन्वयने विचारलं.

"धरायच्या. सांगायचं नाही, एवढंच."

"इतका एकसारखा हात या यंत्राने आजवर वाचलेला नाही," अन्वय म्हणाला आणि त्याने पाटी उतरवली. "आईंचं नाव?"

"द्वारका," सुभद्राबाई अभिमानाने म्हणाल्या.