दुहेरी टाका

"पट्टा तुम्ही शिवला होता?" वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.

तिने मान डोलावली. मांडीवरचं बाळ फायलीची नाडी ओढत होतं. ती त्याच्या मुठीतून सोडवत म्हणाली, "हे उंच इमारतींच्या काचा पुसायचे. कमरेचा पट्टा झिजला होता. ह्यांनी तीनदा नवा मागितला. मुकादम म्हणाला, अजून वर्षभर मरण नाही त्याला. मग घरी आणला. मी दप्तरं शिवते, जाड सुई होतीच. दुहेरी टाका घातला. हे म्हणाले, आता हत्ती बांधला तरी तुटायचा नाही."

"हे कोणाला सांगितलंत?"

"कोणालाच नाही." शेजारी बसलेल्या सासूबाईंकडे तिने बघितलं नाही.

वकीलबाई उसासल्या. "कंपनीचं उत्तर आलंय. पट्टा घरी नेऊन शिवला, म्हणून तुटला, असं म्हणणं आहे त्यांचं. हे बघा, कोर्ट आपलं रडणं ऐकत नाही. निष्काळजीपणा कोणाचा, एवढंच विचारतं. कंपनीचा ठरला तर दावा टिकेल. तुमचा ठरला तर..."

"तर मीच मारलं ह्यांना."

"असं मी नाही म्हटलं."

"चार महिने मीच म्हणतेय."

सासूबाईंनी हात लांब केले आणि बाळाला तिच्या मांडीवरून उचलून घेतलं.

वकीलबाईंनी पंचनाम्यातला फोटो पुढे सरकवला. "यात तुमची शिवण कुठली?"

तिने फोटो खिडकीच्या उजेडात धरला. पांढरा दोरा तिचाच. एकही टाका उसवला नव्हता. पट्टा फाटला होता तो त्याच्या चार बोटं पलीकडे, जिथे सुई लागलीच नव्हती.

"शाबूत आहे!" वकीलबाई खुर्चीतून उठल्याच. "बघितलंत? तुमच्या हातून काही झालेलं नाही. उलट पट्टाच कुजका होता, हे यातूनच दिसतंय. आता त्यांनी द्यावं उत्तर."

सासूबाईंनी बाळाला खांद्याशी धरलं. "ऐकलंस ना गं? तुझी शिवण नाही तुटली."

ती फोटोवरून बोट फिरवत होती. शिवण संपली तिथून, फाटलं तिथपर्यंत. परत तिथून, तिथपर्यंत.

"इथवर शिवत आले होते," ती म्हणाली. "तेवढ्यात बाळ उठलं."