एक चांगली गोष्ट

शिवाजी पेठेत मसाला कांडणाऱ्या शालनचा खांदा नवऱ्यानं एकदा असा पिरगाळला, की दुखणं कायमचं मुक्कामाला आलं. “हे आता जाणार नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “कळ आली, की एक चांगली गोष्ट मोठ्यानं बोलायची. सवय लावा.” तिनं लावली. मुसळ आदळलं, की कळ मस्तकात जायची आणि शालन बोलायची, “लेक नर्स झाली.” त्या दुपारी ती “चहा फक्कड झालता!” म्हणाली, तेव्हा झिंगलेला नवरा दारात होता. “कुणाला पाजलास गं? कोण आलता घरात?” झिंज्या धरून त्यानं तिला उखळावर आपटलं, तोच खांदा पुन्हा पिरगाळला. तिचा मोकळा हात उखळात गेला आणि मूठभर तिखट त्याच्या डोळ्यांत बसलं. तो बोंबलत गडबडा लोळला. खांद्यातून कळ उसळली. सवयीनं शालन मोठ्यानं बोलली, “यंदाची मिरची लई झणझणीत निघाली की!”