ताईंची शिफारस

प्रभागातलं प्रसूतिगृह पाडून तिथे पार्किंग होणार, हे कळलं आणि नगरसेविका ताई पेटून उठल्या. आठ दिवस पायांचे तुकडे पडेपर्यंत त्यांनी जिने चढून-उतरून घरोघरच्या बायकांना जागं केलं. दिवस भरत आलेल्या एका पोरीचा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "तुझं बाळंतपण इथेच होईल. मी आहे ना!"

सभेत त्या पहिल्यांदाच कागद न बघता बोलल्या. "कुणी मागितलं हे पार्किंग? त्या माणसाला एकदा माझ्यासमोर उभं तर करा!"

अध्यक्षांनी शिपायाला फाइल आणायची खूण केली.

"ताई, अहो, ही शिफारस तुमचीच आहे."

शिपायाने फाइल त्यांच्यापुढे ठेवली. लेटरहेड त्यांचंच होतं. खालची सहीही हुबेहूब त्यांचीच होती. फक्त ती त्यांनी केलेली नव्हती.

 

तशी सही जगात एकट्या त्यांच्या नवऱ्याला जमायची. आपण बाहेर असताना लोकांची कामं अडू नयेत, म्हणून ताईंनीच ती त्याला शेजारी बसवून शिकवली होती.