लिंबावरचा तिरंगा

सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, अणदूरच्या शाळेत झेंडा फडकवायचा मान एक्क्याण्णव वर्षांच्या बब्रुवानरावांना मिळाला. सत्तेचाळीस साली देश स्वतंत्र झाला, पण हे गाव निजामाकडंच राहिलं. तेव्हा बंदी मोडून त्यांनी कडुलिंबावर तिरंगा बांधला होता. मुख्याध्यापिकेनं त्यांच्या हातात दोरी दिली, ते थबकले. "बाई, म्या नुसता बांधला. शिवला हिनं." त्यांनी बायकोकडं, कस्तुराबाईंकडं बोट केलं. "तवा शेजारची पोर व्हती. आईचं हिरवं लुगडं फाडलं हिनं." "आजवर सांगितलं का नाही?" बाईंनी विचारलं. "म्याच ह्यांना शपथ घातली व्हती, आईला कळंल म्हणून." कस्तुराबाई लाजल्या. आईला जाऊन चाळीस वर्षं झाली होती. बब्रुवानरावांनी दोरी त्यांनाच ओढायला लावली. झेंडा उलगडला. त्या वर बघत म्हणाल्या, "शिवण सरळ हाय. माझी वाकडी आली व्हती." "म्हणून तर पार शेंड्याला बांधला."